केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आधीचं की महाराष्ट्राचं?

तुम्ही विचारलंय, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ कधी निघालं आणि आपलं महाराष्ट्राचं मंडळ ही त्याची शाखा आहे का. शाखा नाही. उलट वयानं आपलंच थोरलं.

राज्यानं १९६९ मध्येच जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० ला मंडळ काढलं. केंद्राचं आलं सप्टेंबर १९७४ मध्ये. मधे १९७२ गेलं. आमच्या मराठवाड्यात बहात्तर म्हटलं की दुष्काळ, सुकडी आणि खडी फोडायची कामं. पण त्याच जूनमध्ये स्टॉकहोमला पर्यावरण परिषद भरली, इंदिरा गांधी तिथं बोलल्या, आणि दिल्लीत या विषयाला जोर आला.

अडचण एकच होती, पाणी हा राज्यांचा विषय, संसदेला त्यावर थेट कायदा करता येत नव्हता. म्हणून बारा राज्यांनी आधी 'संसदेनं कायदा करावा' असे ठराव केले, मग संसदेनं १९७४ चा जल कायदा केला. त्या बारांत महाराष्ट्र नव्हताच! घरचा कायदा होता ना. केंद्राचा आपण स्वीकारला १ जून १९८१ ला.

हवेचं काम १९८१ च्या वायू कायद्यानं आलं. केंद्रीय मंडळाच्या नावात मात्र बरीच वर्षं फक्त जलप्रदूषणच होतं. आजचं नाव जल कायद्याच्या १९८८ च्या दुरुस्तीतलं. भोपाळची वायुगळती आणि त्यानंतरचा १९८६ चा पर्यावरण कायदा तुम्ही वाचलाच असेल.

माझ्या मते मंडळाला दात आले ते १९८८ मध्येच. त्याआधी कारखाना थांबवायचा तर कोर्टात जा, तारखा घ्या. त्या दुरुस्तीनं जल कायद्यात कलम ३३-अ आलं आणि मंडळाला थेट वीज-पाणी तोडायचा आदेश काढता यायला लागला. दंडाला न भिणारे मालक लाईट जायला भितात, हे मी वाळूजला एका कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर, नोकरी करताना बघितलंय. तिथं नमुना घ्यायला येणारे साहेब राज्य मंडळाचेच असायचे. केंद्राचं काम मुख्यतः मानकं ठरवणं आणि राज्य मंडळांना निर्देश देणं.

एकदा आउटलेटचं, म्हणजे शुद्ध करून बाहेर सोडायचं पाणी सीओडीला लावलं, म्हणजे त्यात घाण किती उरली ते मोजायच्या चाचणीला. दोन तास उकळायचं असतं, पण अर्ध्या तासातच त्यात घातलेलं नारिंगी रसायन, डायक्रोमेट, हिरवंगार. म्हणजे पाण्यात घाण भरपूर. मॅनेजरनं फ्लास्ककडे बघितलं आणि विचारलं, "आज कुणी नमुना नेला का?"

नेला नव्हता. मॅनेजर तसेच खाली चहाला गेले.