वाचकांचे प्रश्न : दुपारची वीज आणि संध्याकाळची वीज

प्रश्न : सौर वीज आता कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त पडते, असे वारंवार वाचनात येते. मग ज्या देशांत सौर व पवन वीज झपाट्याने वाढली, तेथेही ग्राहकाचे बिल का उतरत नाही?

उत्तर : बिलात तारांचा, उपकेंद्रांचा आणि करांचा वाटा असतोच; पण खरे कारण घाऊक बाजाराच्या रचनेत आहे. बहुतेक वीजबाजारांत दिवसाच्या प्रत्येक तासासाठी, काही ठिकाणी दर १५ मिनिटांसाठी, लिलाव होतो. उत्पादकांच्या बोली स्वस्तापासून महागापर्यंत लावल्या जातात आणि मागणी भागवण्यासाठी जे शेवटचे केंद्र घ्यावे लागते, त्याचा दर त्या वेळेपुरता सर्वांनाच मिळतो. सूर्याला आणि वाऱ्याला इंधनखर्च नसल्याने त्यांची बोली शून्याच्या आसपास असते. मात्र सूर्यास्तानंतर शेवटचे केंद्र नैसर्गिक वायूचे असेल, तर भाव वायूच ठरवतो. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर युरोपात वायूपाठोपाठ वीजही कडाडली, ती मुख्यतः या पद्धतीमुळे.

दुपारी नेमके उलटे घडते. जर्मनीत उन्हाच्या, वाऱ्याच्या सुटीच्या दिवशी घाऊक भाव शून्याखाली जातो, म्हणजे उत्पादकच वीज घेणाऱ्याला पैसे मोजतो. कारण काही केंद्रे थोड्या तासांसाठी बंद करून पुन्हा सुरू करणे त्याहून महाग पडते. कॅलिफोर्नियाच्या ग्रिडचालक संस्थेने २०१३ मध्ये सौर व पवन वीज वजा करून उरणाऱ्या मागणीचा दिवसभराचा आलेख मांडला, तेव्हा दुपारी खोलगट पोट आणि संध्याकाळी उंच मान असे चित्र दिसले. त्याला 'बदकाचा आलेख' हे नाव पडले ते कायमचे. ही मान चढताना तीनेक तासांत हजारो मेगावॉट उत्पादन वाढवावे लागते, आणि महागाई तेथे आहे.

त्यामुळे वीज साठवण्याला भाव आला. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये उभारलेल्या हॉर्न्सडेल प्रकल्पाची बॅटरी सुरुवातीला १०० मेगावॉट आणि १२९ मेगावॉट-तास क्षमतेची होती, म्हणजे पूर्ण शक्तीने ती सव्वा तासाहून थोडीच अधिक चालली असती. एवढ्याने रात्र निघत नाही, हे उघड आहे. तरीही ग्रिडची वारंवारता (विजेची दर सेकंदाची आवर्तने, जी मागणी-पुरवठ्याचा तोल ढळला की बदलतात) क्षणार्धात सावरण्याच्या सेवेतून तिने चांगली कमाई केली. माझ्या मते येत्या काळात बिल उतरेल ते पॅनेलांच्या संख्येपेक्षा साठवणुकीमुळे आणि तासागणिक बदलणाऱ्या दरांमुळे.

प्रश्न : वीज कोळशाची असेल, तर विजेवरची मोटार स्वच्छ कशी म्हणायची?

उत्तर : शंका रास्त आहे आणि प्रचारकी लेखनात तिला बगल दिली जाते. बॅटरी बनवताना बराच कार्बन उत्सर्जित होतो, त्यामुळे विजेची मोटार आपला प्रवास तोट्यातून सुरू करते. पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो, तर बॅटरीतील विजेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक; परंतु वीज निव्वळ कोळशाची असल्यास केंद्रातच निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया गेलेली असते आणि फायदा फारच थोडा उरतो. फरक पडतो तो वर्षांगणिक. ब्रिटनमध्ये २०१२ साली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तेथील शेवटचे कोळसा केंद्र बंद झाले. तेथे २०१२ मध्ये घेतलेली विजेची मोटार जुनी होत गेली तशी अधिक स्वच्छ झाली, आणि पेट्रोलच्या मोटारीच्या बाबतीत असे घडू शकत नाही. आणखी एक गोष्ट : जेथे सौर वीज मुबलक आहे, तेथे ती मोटार संध्याकाळी घरी पोहोचताच चार्जिंगला लावली, तर वर सांगितलेली बदकाची मान आपण आणखी उंच करतो, कामाच्या ठिकाणी दुपारी लावली, तर पोट भरून काढतो.

प्रश्न : दुपारी वीज फुकट जात असेल, तर तिच्यापासून हायड्रोजन करून मोटारी का चालवू नयेत?

उत्तर : पाण्याचे विघटन, वायू दाबून भरणे आणि इंधन घटात त्याची पुन्हा वीज करणे, या वाटेत मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. शिवाय विघटनाची महागडी यंत्रे दिवसातून थोडेच तास चालवली, तर त्यांचे भांडवल वसूल होत नाही. खते आणि पोलाद यांच्या कारखान्यांत, जेथे बॅटरीने काम भागत नाही, तेथे हा हायड्रोजन आधी जावा.