सकाळच्या मीटिंगमध्ये बोलायचं कसं?

प्रश्न : मी मराठी माध्यमातला मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणच्या एका कारखान्यात चार महिन्यांपासून ट्रेनी आहे. रोज सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये अडखळतो, साहेब मध्येच तोडतात. मेललाही ‘नक्की काय हवंय?’ असं उत्तर येतं. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?
– एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : क्लासचे पैसे सध्या ठेवा. तुमची अडचण इंग्रजीपेक्षा क्रमाची दिसते. नवा मुलगा घडलं त्या क्रमाने सांगतो: ‘सर, सेकंड शिफ्टला ऑपरेटर उशिरा आला, मग इन्सर्ट (कटिंग टूलचं बदलता येणारं टोक) तुटला, टूलरूम बंद होती...’ साहेबांना हवा असतो आकडा, आणि तो शेवटपर्यंत येतच नाही. म्हणून ते तोडतात.

तेच असं सांगा : ‘काल सेकंड शिफ्टला 600 पैकी 480 नग झाले. इन्सर्ट तुटल्यामुळे मशीन 90 मिनिटं बंद होतं. आज तिन्ही शिफ्टला जेवणाच्या अर्ध्या तासात रिलिव्हर (ऑपरेटरच्या जागी मशीन चालवणारा) मिळाला, तर 40-40 नग भरून निघतील. रिलिव्हर मंजूर करावा.’ आकडा, कारण, उपाय, मागणी. वीस-पंचवीस सेकंदांत संपतं. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, 45 सेकंदांचा असेल, तर 90 मिनिटांत 120 नग हा हिशेब जुळतो. तो आधीच जुळवून ठेवला की उलटतपासणी होत नाही.

यासाठी दहा मिनिटं आधी पोहोचा, शिफ्टचं रजिस्टर बघा आणि या चार ओळी डायरीत लिहा. जिभेला अडखळायला होतं ते विचार आणि भाषांतर एकाच वेळी करावं लागतं म्हणून. लिहिलेलं असलं की निम्मं ओझं उतरतं. मीटिंगमध्ये मराठी-हिंदी चालत असेल तर खुशाल तेच बोला.

मेललाही हाच नियम. विषयात ‘प्रॉब्लेम’ लिहू नका. पार्टचं नाव, अडचण आणि मुदत लिहा. पहिल्याच ओळीत कोणी, काय, कधीपर्यंत करायचं ते यावं. ‘प्लीज डू द नीडफुल’ वाचून कोणीच हलत नाही, कारण काम कोणाचं तेच कळत नाही. ‘टू’मध्ये काम करणाराच, बाकीचे ‘सीसी’त. फाइल आधी जोडा, पत्ता सर्वांत शेवटी टाका. कंपनीचा मेल जीमेलवर असेल तर सेटिंगमध्ये ‘अनडू सेंड’ 30 सेकंदांवर नेऊन ठेवा.

तुम्ही विचारलं नाही, पण नवख्यांची सर्वांत महाग पडणारी चूक वेगळीच आहे : न समजताही ‘हो सर’ म्हणणं. लाजेपोटी म्हटलेल्या त्या दोन शब्दांपायी अख्खा लॉट रिजेक्ट होऊ शकतो. सूचना मिळाली की आपल्या शब्दांत परत म्हणा : ‘म्हणजे पहिले 5 नग क्वालिटीला दाखवायचे, त्यांची सही आली की मगच लॉट सुरू करायचा, बरोबर?’ यात कमीपणा काहीच नाही. चांगल्या सुपरवायझरला असा मुलगा हवाच असतो. एखाद्या कामात अर्धा तास अडकलात तर विचारायला जा, फक्त काय काय करून पाहिलं ते आधी सांगा.

महिनाभर हे करा. त्यानंतरही ग्राहकाच्या ऑडिटमध्ये इंग्रजीत उत्तरं देणं जड गेलं, तर क्लास जरूर लावा. मात्र तिथे सरावाला तुमच्याच लाइनचे रिपोर्ट घेऊन जा.