"तो तयार नव्हता" असं म्हणू नकोस

प्रिय मुली,

काल फोनवर तू रडत होतीस म्हणून मी जास्त बोलले नाही. तू बेकरीत कामाला लावलेला, मानसिक आजार असलेला तो मुलगा चौथ्या दिवशी निघून आला, मालकाने तुला सुनावलं, मुलाची आई "मी आधीच सांगितलं होतं" म्हणाली. हे सगळं होतच असतं. पण फोन ठेवताना तू म्हणालीस, "ताई, तो अजून तयार नव्हता." ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं.

कारण ते माझंच आहे. मानसिक आजार असलेल्यांसाठीच्या आमच्या कार्यशाळेत एक गृहस्थ होते. स्किझोफ्रेनिया, पण गोळ्या नियमित. औषधाच्या दुकानांसाठी कागदी पाकिटं चिकटवायचे. कडेला खळीचा थेंब दिसायचा नाही इतकं नेटकं काम. दर सहा महिन्यांनी मी त्यांच्या फाइलवर लिहायची, "अजून तयारी हवी." नऊ वर्षं लिहिलं. पाकिटं चिकटवून माणूस फक्त पाकिटं चिकटवण्यात तयार होतो, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत ते छप्पन्न वर्षांचे झाले. एका प्रेसमध्ये जागा आहे म्हणून सांगायला गेले तर म्हणाले, "आता कुठं मॅडम, राहू दे." आणि पुढचं पाकीट उचललं.

तेव्हा आम्हाला निधी मिळायचा तो कार्यशाळेतल्या हजेरीवर. माणूस कामाला लागला की हजेरी घटायची. कारण म्हणून सांगतेय, सबब म्हणून नाही. बरं, थोडी सबबही आहे.

म्हणून हट्टाने सांगते, आधी काम, मग तयारी. तीही कामावरच, त्याच भट्टीशेजारी, त्याच मालकाची बोलणी खात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी नव्वदच्या दशकात हेच करून पाहिलं. आधी प्रशिक्षण आणि मग नोकरी, यापेक्षा थेट नोकरी आणि पाठीशी आपला माणूस, या पद्धतीत जास्त लोक कामाला लागले. पण एवढं लांब कशाला जायचं? वरोऱ्याजवळच्या माळावर बाबा आमट्यांबरोबर कुष्ठरुग्णांनी विहीर खणली, ती काय बोटं परत येण्याची वाट पाहून?

आता तुझ्या त्या बेकरीतल्या मुलाचं बघू. शिफ्ट पहाटे पाचची. तो ओलान्झापिन, म्हणजे झोप आणणारी आजारावरची गोळी, घेतो रात्री दहाला. अगं, कसे उघडतील त्याचे डोळे? चौथ्या दिवशी तो पळाला म्हणतेस. मला वाटतं तो झोपेत होता. डॉक्टरांना विचार, गोळी संध्याकाळी लवकर देता येईल का. नसेल जमत तर मालकाकडे दहानंतरचं पॅकिंगचं काम माग. खारी-टोस्ट पिशव्यांत भरायला दुपारी माणूस लागतोच. आणि तू त्याला पहिल्या दिवशी दारात सोडून परत आलीस! पहिले पंधरा दिवस आपण तिथंच असायचं, ओट्याच्या कोपऱ्यात, कुणाच्या पायात न येता. तेवढा वेळ नसेल तर तयार कोण नव्हतं, ते तूच सांग.

रागावू नकोस. तू हे काम सोडशील या भीतीनेही मी जरा चढ्या आवाजात लिहितेय.

मालकाला कायदा सांगायला जाऊ नकोस. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे, सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे, हे आपल्याला पाठ हवं; बेकरीवाल्याला त्याचं काय? त्याला पिशव्या वेळेत भरून हव्यात. मुलाच्या आईशी मात्र निवांत बोल. तिची खरी धास्ती संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांची असावी, कारण तिथं उत्पन्नाची अट आहे. ती तोंडाने म्हणणार नाही. तहसील कचेरीत तिला बरोबर घेऊन जा आणि तिच्यासमोर विचार, म्हणजे पगार सुरू झाल्यावर घरात भांडण नको.

तयारी, तयारी! मीही या कामात आले तेव्हा काय तयार होते? पहिल्याच घरभेटीत रुग्णाच्या वडिलांनी दार लावून घेतलं, तर जिन्यात बसून रडले होते.

सोमवारी दहाला बेकरीवर ये, त्यालाही आण. मालकाशी बोलणं तू करायचं, मी नुसती बाजूला उभी राहीन. आणि त्याने नाश्ता केलाय का, ते निघण्याआधी विचार.

तुझी,
ताई