फॅशनचे छायाचित्र आणि वारसा

प्रश्न : आफ्रिकी वंशाच्या छायाचित्रकारांची फॅशन-छायाचित्रे हल्ली संग्रहालयांतही मांडली जातात. मुळात कपडे खपवण्यासाठी काढलेल्या छायाचित्रांना एखाद्या समाजाच्या वारशाचा दस्तऐवज मानणे अतिशयोक्तीचे नाही का?
— एक वाचक

उत्तर : सगळीच छायाचित्रे त्या योग्यतेची नसतात, हे आधीच मान्य करतो, परंतु या परंपरेचा उगम केवळ विक्रीत नाही. बार्बाडोसहून न्यूयॉर्कला स्थलांतरित झालेल्या कुटुंबात जन्मलेले छायाचित्रकार क्वामे ब्रॅथवेट यांनी सहकाऱ्यांसह १९६२ साली हार्लेम या न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयबहुल भागात ‘नॅचरली ’६२’ हा कार्यक्रम घडवून आणला, तेव्हा ‘ग्रँडासा मॉडेल्स’ या गटातील तरुणी केस सरळ न करता, आफ्रिकी धाटणीचे पोशाख आणि दागिने घालून व्यासपीठावर आल्या. कृष्णवर्णीय वाचकांच्या मासिकांतही त्वचा उजळवणाऱ्या प्रसाधनांच्या जाहिराती छापल्या जात होत्या, असा तो काळ होता. ब्रॅथवेट यांच्या छायाचित्रांनी ‘ब्लॅक इज ब्यूटिफुल’ ही घोषणा लोकांच्या डोळ्यांसमोर उभी केली, आणि त्यांत पोशाख हाच मुख्य युक्तिवाद होता.

घानाची राजधानी अक्रा येथे ‘एव्हर यंग’ नावाचा स्टुडिओ चालवणारे जेम्स बार्नर १९५९ साली लंडनला गेले. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या ‘ड्रम’ मासिकासाठी त्यांनी कृष्णवर्णीय मॉडेल्सना लंडनच्या रस्त्यांवर, अद्ययावत पोशाखांत टिपले. या छायाचित्रांत परंपरागत वेशभूषा शोधू गेल्यास निराशा होईल. परक्या शहरात निःसंकोच वावरणे हाच त्यांचा विषय आहे.

वारसा म्हणजे अस्सल आणि जुनेच काही, ही अपेक्षाही येथे थोडी बाजूला ठेवावी लागते. आफ्रिकी म्हणून जगभर ओळखले जाणारे वॅक्स प्रिंट कापड जावा बेटावरील बाटिकची नक्कल करताना युरोपीय, विशेषतः डच, कारखान्यांत तयार झाले. पश्चिम आफ्रिकेतील कापड विकणाऱ्या स्त्रियांनी त्यातील नक्षींना नावे दिली आणि ते आपलेसे करून टाकले. तेव्हा असे कापड गुंडाळून मॉडेल उभी केली, एवढ्याने छायाचित्राला सांस्कृतिक अर्थ येत नाही, आणि तेथे आपली शंका रास्तच ठरते.

माझ्या मते पाहण्याची गोष्ट ही, की कॅमेऱ्यामागे कोण आहे आणि निर्णय कोणाच्या हाती आहे. १८९२ साली सुरू झालेल्या अमेरिकन ‘व्होग’ या फॅशन मासिकाचे मुखपृष्ठ कृष्णवर्णीय छायाचित्रकाराच्या वाट्याला यायला २०१८ साल उजाडावे लागले, टायलर मिचेल यांनी टिपलेले गायिका बियॉन्सेचे ते छायाचित्र होते.