वाचकांचे प्रश्न : 'चॅलेंजर'वरचा निसर्गतज्ज्ञ

प्रश्न : समुद्राच्या अभ्यासासाठी निघालेल्या 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाच्या मोहिमेत एक तरुण निसर्गतज्ज्ञ वाटेतच वारला, असे वाचनात आले. तो कोण होता? त्याला वाचवता आले असते का?

उत्तर : रुडॉल्फ फॉन विलेमोएस-झूम. होल्श्टाइनमधल्या ग्ल्युकश्टाट गावी 11 सप्टेंबर 1847 रोजी जन्मलेला जर्मन प्राणिशास्त्रज्ञ. मोहिमेचे शास्त्रीय प्रमुख वायव्हिल थॉमसन यांच्या हाताखाली मरे आणि मोझली या निसर्गतज्ज्ञांबरोबर तो काम करत होता. जहाज डिसेंबर 1872 मध्ये इंग्लंडहून निघाले. हवाई ते ताहिती या टप्प्यात 13 सप्टेंबर 1875 रोजी, वयाला 28 वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले असताना, धावऱ्याने म्हणजे विसर्पाने त्याचा मृत्यू झाला.

धावरे हा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे होणारा त्वचेचा संसर्ग. जंतू शिरायला एखादा ओरखडा किंवा भेगही पुरते. आधी हुडहुडी भरून ताप चढतो, मग कातडी लाल, तापलेली आणि तुकतुकीत होते. त्या लालीची कड उंचावलेली असते, बोटाला लागते. जंतू रक्तात उतरले की रोगी हाताबाहेर जातो. जखमेतले जंतू मारायला शल्यचिकित्सक लिस्टरने वापरलेले कार्बोलिक अ‍ॅसिड 1867 पासून माहीत होते, पण ते उघड्या जखमेवर चालते. इथे जंतू कातडीच्या आतल्या लसिकावाहिन्यांत पसरलेले असतात. ब्रिटिश डॉक्टर तेव्हा लोहाचे टिंक्चर देत आणि ब्रँडीने शक्ती टिकवू पाहत. खरा इलाज म्हणजे सल्फा औषधे 1930 च्या दशकात आली आणि पेनिसिलिन त्यानंतर. जहाज बंदरात उभे असते तरी 1875 मधल्या कोणत्याही इस्पितळात यापेक्षा फारसे काही हाती नव्हते.

प्रश्न : नमुने टिकवायला जहाजावर स्पिरिट होते. मग मृतदेह ताहितीपर्यंत का नेला नाही?

उत्तर : जहाज ताहितीला 18 सप्टेंबरला पोचले. उष्ण कटिबंधात इतके दिवस मृतदेह ठेवणे शक्य नव्हते. स्पिरिट लहान जीवांत सहज मुरते. माणसाच्या देहात ते आतपर्यंत पोचण्याआधीच पोटापासून कुजणे सुरू होते. त्यामुळे त्याला समुद्रातच पुरले. आरमाराची रीत अशी की देह खलाशाच्या झोळीत किंवा शिडाच्या कापडात शिवायचा आणि पायाशी तोफेचे गोळे बांधायचे. वजन कमी पडले तर आतल्या वायूंनी देह पुन्हा वर येतो, म्हणून यात हयगय करत नसत.

प्रश्न : त्याच्या अर्धवट कामाचे काय झाले?

उत्तर : हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कवचधारी प्राणी, म्हणजे खेकडे-कोळंबीसारखे जीव, हा त्याचा खास विषय. 1873 मध्ये अटलांटिकच्या तळावरून एक आंधळा, शेवंड्याच्या नात्यातला जीव वर आला. त्याच्या पुढच्या पायांचे चिमटे लांब आणि अगदी सडपातळ. विलेमोएस-झूमने त्याला 'डीडामिया' म्हटले. पण ते नाव एका पतंगाला आधीच दिलेले होते. त्याच वर्षी पतंगांचे अभ्यासक ग्रोट यांनी ते बदलून 'विलेमोएसिया' केले. म्हणजे हा मान त्याला हयातीतच मिळाला. 'ग्नाथोफॉसिया' हे खोल समुद्रातल्या कोळंबीसारख्या जीवांचे नावही त्यानेच दिलेले आणि आजही त्यापुढे नाव देणारा व साल म्हणून 'विलेमोएस-झूम, 1873' असेच लिहिले जाते.

वहीत राहिलेल्या नावांना मात्र काही किंमत नसते. वर्णनासह छापून आल्याशिवाय नाव वैध ठरत नाही आणि मग श्रेय वर्णन प्रसिद्ध करणाऱ्याच्या नावावर जाते.

नमुने दुसऱ्याच्या उपयोगी पडतात ते चिठ्ठीमुळे. ठाण्याचा, म्हणजे जहाज थांबवून नमुने घेतलेल्या जागेचा, क्रमांक, तारीख आणि खोली एवढे तरी तिच्यावर हवेच. 'चॅलेंजर'वर 362 ठाणी क्रमांकाने नोंदलेली होती. चिठ्ठी जाड कागदाची, पेन्सिलीने लिहिलेली आणि बरणीच्या आत असावी. शाई स्पिरिटमध्ये पसरते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी दमट हवेत सुटते. चिठ्ठी गेली तर तो प्राणी कुठला, किती खोलवरचा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. रंग तर काही दिवसांतच उडतो, म्हणून तो जाळे वर येताच लिहून किंवा रंगवून ठेवावा लागतो. आणखी एक चूक नेहमी होते : प्राण्याच्या अंगातल्या पाण्याने स्पिरिट पातळ होते, ते एक-दोन दिवसांनी बदलले नाही तर कवच शाबूत दिसते आणि आतले मांस सडलेले असते. मोठ्या खेकड्याला म्हणून खालून चीर द्यावी लागते.

'चॅलेंजर'चे नमुने अशा नोंदींसह परत आले, म्हणूनच त्याच्या गटांवर इतरांना लिहिता आले : शिझोपोड या कोळंबीसारख्या जीवांच्या गटावर नॉर्वेचे सार्स यांनी 1885 मध्ये, तर शेवंडे-कोळंबीच्या गटावर स्पेन्स बेट यांनी 1888 मध्ये अहवाल काढले. प्रवासातून त्याने घरी लिहिलेली पत्रे 1877 मध्ये जर्मनमध्ये पुस्तकरूपाने निघाली.