सॉफ्टबॉलमध्ये चेंजअप टाकायला कसे शिकावे?

वेगवान चेंडू जमतो, परंतु चेंजअप, म्हणजे वेगवान चेंडूसारखाच भासणारा मंद चेंडू, टाकताना हातच मंदावतो आणि बॅटरला तो आधीच ओळखू येतो, ही आपली अडचण बहुधा एकाच गैरसमजातून येते: चेंडू हळू जावा म्हणून हात हळू फिरवायचा. प्रत्यक्षात पायाची झेप आणि विंडमिल फेऱ्यातील (हात खांद्याभोवती पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू टाकण्याच्या पद्धतीतील) हाताचा वेग नेहमीसारखाच राहिला पाहिजे. वेग कमी करायचा तो केवळ पकडीने आणि चेंडू सोडण्याच्या पद्धतीने.

सुरुवातीला चेंडू बोटांच्या टोकांऐवजी तळहातात खोलवर धरावा, म्हणजे मनगटाचा आणि बोटांचा शेवटचा झटका त्याला मिळत नाही. लहान हातांना ही पकड निसटती वाटते. अशा वेळी उलट्या हाताचा चेंजअप शिकावा: हात नितंबाजवळ येताच मनगट असे वळवावे की हाताची मागची बाजू होम प्लेटकडे (बॅटरजवळच्या पाटीकडे) येईल, आणि त्याच स्थितीत चेंडू सोडावा. चेंडू उंच उडत असेल तर तो उशिरा सुटतो आहे असे समजावे आणि सोडल्यानंतर हात वर न उचलता खालूनच पुढे जाऊ द्यावा.

सराव जवळून सुरू करावा; महिलांच्या सामन्यातील चेंडू टाकण्याच्या जागेपासून होम प्लेटपर्यंतचे 43 फुटांचे अंतर नंतर घ्यावे. वेगवान आणि मंद चेंडू मिसळून टाकावेत व सुटण्यापूर्वी फरक कळला का, हे कॅचरला विचारावे (माझ्या मते वेग मोजण्याच्या यंत्रापेक्षा कॅचरचा डोळा येथे अधिक उपयोगी ठरतो). चेंडू गुडघ्याच्या उंचीवर ठेवावा, कारण कमरेइतका वर आलेला मंद चेंडू फटकावणे सोपे असते.