गेट नक्की कधी लागलं, ती तारीख आधी काढा

सांगलीच्या गावभागातून एका ताईंनी विचारलंय. घराच्या मागच्या दारातून एक बोळ पलीकडच्या गल्लीत निघतो. बोळाची जागा शेजाऱ्यांच्या उताऱ्यात आहे, पण सासऱ्यांच्या काळापासून म्हणजे पन्नास-साठ वर्षं यांच्या घरची माणसं तिथूनच ये-जा करत आलीत. पुरानंतर शेजाऱ्यांनी जुनं मातीचं घर पाडून आरसीसी बांधलं आणि २०२४ च्या दसऱ्याला बोळाच्या तोंडाशी लोखंडी गेट लावून कुलूप घातलं. आता ते म्हणतात, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून द्या की आमच्या परवानगीने वापरतो, मग किल्ली देतो. ताईंचं विचारणं असं की किल्ली घ्यावी का, आणि नाही घेतली तर आपणच कुलूप तोडलं तर काय होईल.

ताई, तुम्ही सगळं सविस्तर लिहिलंय. शेजारीण काय बोलली, मंडळाच्या मीटिंगमध्ये कोण कुणाच्या बाजूने उभं राहिलं, माजी नगरसेवक किती वेळा "बघतो" म्हणाले, सगळं आहे. आणि ज्या एका गोष्टीवर तुमचा अख्खा हक्क लटकलाय ती गेट लागल्याची तारीख शेवटून दुसऱ्या ओळीत जाता जाता आलीय. सातारच्या पेठांतून, मिरजेतून असे प्रश्न सारखे येतात, कुणाचा बोळ, कुणाचा जिना, कुणाची मोरी, आणि प्रत्येक जण वहिवाट किती जुनी ते सांगतो, ती बंद कधी पडली ते खोदून विचारल्याशिवाय सांगत नाही.

सुविधाधिकार कायदा १८८२ चा, त्याचं कलम १५. दुसऱ्याच्या जागेतून उघडपणे, भांडण न करता, हक्क म्हणून, खंड न पडता २० वर्षं वाट वापरली की वाटेचा हक्क मिळतो, एवढं गल्लीत सगळ्यांना पाठ असतं. त्याच कलमात पुढे काय लिहिलंय ते मात्र कुणी वाचत नाही. ही २० वर्षं दावा दाखल होण्याच्या आधीच्या २ वर्षांच्या आत संपलेली असली पाहिजेत. म्हणजे वाट बंद झाली त्या दिवसापासून दोन वर्षांत दावा कोर्टात दाखल पाहिजे. त्यानंतर गेलात तर वहिवाट साठ वर्षांची असो नाहीतर शंभर, या कलमाखाली तिचा उपयोग नाही. आणि उशीर झाला तर माफीचा अर्ज देऊ असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा, मुदत कायद्याचं कलम ५ अपिलाला आणि अर्जाला लागतं, दाव्याला लागतच नाही.

आता तुमचा हिशोब. तुम्ही लिहिलंय "येत्या दसऱ्याला दोन वर्षं होतील". नाही होणार, त्याच्या आधीच होतील. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. यंदा, म्हणजे २०२६ ला, ज्येष्ठ अधिक आला, सगळे सण पुढे सरकलेत, दसरा २० ऑक्टोबरला आहे. तुम्ही सणाच्या हिशोबाने दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात निवांत वकिलाकडे गेला असता तर दावा बाद होण्याची पुरेपूर शक्यता होती, आणि हे मी घाबरवायला म्हणून सांगत नाहीये. त्यात १० ऑक्टोबर दुसरा शनिवार, ११ ला रविवार. कोर्ट बंद असताना मुदत संपली तर उघडल्या दिवशी दाखल करता येतं ही सवलत मुदत कायद्यात आहे, पण हे दोन वर्षांचं बंधन मुदत कायद्यातलं नाही, हक्क तयार होण्याचीच अट आहे, म्हणून त्या सवलतीवर मी तरी विसंबणार नाही. शिवाय गेट दसऱ्याला लागलं हे तुमच्या आठवणीतलं, त्याआधी आठवडाभर बांधकामाची वाळू-खडी टाकून बोळ बंद केला होता असंही तुम्हीच लिहिलंय. समोरचा वकील तोच दिवस धरणार. तेव्हा सप्टेंबर संपायच्या आत दावा दाखल होऊन त्याला नंबर पडला पाहिजे, जमलं तर गणपती बसायच्या आधीच.

मधल्या काळात तुम्ही स्वस्थ बसला नव्हता हे खरंय. महापालिकेत अर्ज दिला, पोलिसात एनसी (अदखलपात्र तक्रार) झाली, एका वकिलांकडून नोटीस गेली आणि तिच्या उत्तराची वाट बघण्यात उन्हाळा गेला. यातल्या कशानेच ती दोन वर्षं थांबत नाहीत. अडवणूक तुम्ही निमूट मान्य केली नाही हे दाखवायला या कागदांचा उपयोग होऊ शकेल, कारण त्याच कलमात एक वर्ष अडवणूक सोसली तरच तिला खंड म्हणायचं असंही आहे, त्यावर कोर्टात भांडता येतं, पण ते भांडण आपण मुदतीत असताना करायचं, मुदत घालवून नाही. खाजगी शेजाऱ्यावर दावा लावायला आधी नोटीस द्यावीच लागते असंही काही नाही. हे तुम्हाला तेव्हाच कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं आणि तुम्हीही विचारायला हवं होतं.

किल्लीचं. तो स्टॅम्प सही करू नका, कुणाच्याही भिडेने करू नका. परवानगीने वापरलेली वाट कितीही वर्षं वापरली तरी हक्क होत नाही. "आजवर आमच्या परवानगीनेच वापरत होते" एवढी एक ओळ तुमच्या सासूबाईंच्या सहीने त्यांच्या हातात गेली की साठ वर्षांची वहिवाट त्या एका ओळीत बुडाली. परवानगी देणारा ती काढूनही घेतो, उद्या घर विकलं तर नवा मालक किल्ली मागून घेईल. व्हॉट्सॲपवरसुद्धा "काका, प्लीज जाऊ द्या ना" छापाचे मेसेज टाकणं आजपासून बंद, घरातल्या पोरांनाही सांगा.

कुलूप तोडायचं नाही. याच कायद्याचं कलम ३६ सरळ सांगतं की अडथळा कितीही बेकायदेशीर असला तरी तो स्वतःच्या हाताने काढता येत नाही. मिस्टरांना राग आवरत नाही म्हणता, त्यांना सांगा की तोडलं तर नुकसानीची केस त्यांच्यावर होईल आणि दिवाणी कोर्टात आपली बाजू खराब होईल ती वेगळीच.

शेजारी म्हणतात तुम्हाला पुढून रस्ता आहे मग मागचा कशाला. त्यांना हे ज्याने शिकवलंय त्याने दोन कलमं एकात एक केलीत. जायला दुसरी वाटच नाही म्हणून मिळणारा हक्क कलम १३ चा, तो साधारणपणे एकच मिळकत वाटली किंवा विकली गेली तिथे येतो. तुम्ही २० वर्षांच्या वहिवाटीवर जाताय, तिथे दुसरा रस्ता असला म्हणून हक्क जात नाही. पण तरीही जुनं वाटणीपत्र बघा, दोन्ही घरं मुळात एकाच वाड्याची असतील तर बाजू आणखी भक्कम होईल किंवा गुंता वाढेल, कागद बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

त्यांचं दुसरं म्हणणं असं की २०१९ च्या पुरात आणि परत २०२१ ला तुम्ही महिनोन् महिने घरात नव्हताच, म्हणजे वहिवाट तुटली. नाही तुटली. खंड धरायचा तर दुसऱ्या माणसाने अडवल्यामुळे वापर थांबलेला पाहिजे असं कायद्यात स्पष्ट आहे. कृष्णेचं पाणी घरात शिरलं म्हणून माणसं नातेवाइकांकडे राहायला गेली, याला कोणी अडवणं म्हणत नाही.

स्कूटीचा हट्ट मात्र सोडा. बोळात स्कूटी लावतो ती पण वहिवाट, असं लिहिलंय तुम्ही. स्कूटी घेतली २०१२ ला, तिची २० वर्षं झालेलीच नाहीत, आणि जाण्यायेण्याचा हक्क वेगळा, गाडी उभी करणं वेगळं. दाव्यात फक्त पायी जाण्यायेण्याची वाट मागा, रुंदी जेवढी प्रत्यक्ष होती तेवढीच लिहा. तसंच "बोळ मुळात आमच्याच मालकीचा" हे वाक्य उगाच घालू नका, स्वतःच्या जागेवर कुणाचा वाटेचा हक्क नसतो आणि समोरचे नेमकं तेच पकडतात. गल्लीत कुणीतरी तहसीलदाराकडे मामलेदार कोर्टात जा म्हणून सुचवलंय, ते शेतीच्या वाटेचं आहे, गावभागातल्या बोळाचं नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये मला सगळ्यात कामाची वाटली ती तुमच्या मागच्या दाराची दगडी पायरी. मधोमध चांगली बोटभर झिजलीय आणि उतरते ती सरळ बोळात. बाजूला तुमच्या मोरीच्या चेंबरचं झाकण आहे, तेही गेटच्या आत अडकलंय. हे दोन महिन्यांत केलेलं नाही हे कुणालाही बघून कळतं. त्यावर उद्या फरशी किंवा सिमेंट पडायच्या आत चारी बाजूंनी फोटो काढा, व्हिडिओ काढा, ज्या फोनमध्ये काढाल तो फोन विकू नका, कारण नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट त्यासोबत द्यावं लागतं. दावा दाखल झाल्या झाल्या कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टातर्फे जागा बघून अहवाल देणारा माणूस, नेमायचा अर्ज द्या म्हणजे ही पायरी रेकॉर्डवर येईल.

साक्षीदार २००४ च्या आधीपासून बोळ बघितलेला हवा. शेजारपाजारचे घरी बसून तुमच्या बाजूने बोलतात, पिंजऱ्यात यायला नको म्हणतात, रोज तोंड बघायचं असतं म्हणून, त्यांना दोष देत नाही. तुम्ही लिहिलेले दूधवाले काका गल्लीत राहत नाहीत आणि तीस वर्षं मागच्या दारानेच दूध घालत होते, त्यांना आधी भेटा.

कागद पुरात गेले हे कारण मला पटत नाही, पूर जाऊन वर्षं झाली. खरेदीखताची नक्कल सब-रजिस्ट्रारकडे मिळते, मिळकत पत्रिका आणि नकाशा सिटी सर्व्हेला, शेजाऱ्यांच्या बांधकामाचा मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात महापालिकेकडून मागवा, त्या नकाशात बोळ मोकळा दाखवलेला असेल तर फार उपयोग होईल. पण नकाशा येईपर्यंत दावा अडवून धरू नका, तो मागून जोडता येतो. महापालिकेला आत्ता प्रतिवादीही करू नका, त्यांना आधी नोटीस द्यावी लागते आणि त्यात महिना जाईल. आणि शेजाऱ्यांची पत्रिका नीट वाचा, अजून वडिलांच्या नावावर असेल तर लग्न होऊन गेलेल्या बहिणींसकट सगळ्या वारसांना दाव्यात प्रतिवादी करावं लागेल. तुमच्या बाजूलाही तेच, सासरे जाऊन वारस नोंद झालेली नाही म्हणता, तर सासूबाई, मिस्टर आणि पुण्याचे दीर तिघांची नावं वादी म्हणून घाला, दिरांना सहीला या आठवड्यातच बोलवा.

कोर्टाबद्दल खोटी आशा देत नाही. सांगलीत विजयनगरच्या कोर्टात असे दावे वर्षानुवर्षं चालतात, तारखा पडतात, साहेबांची बदली होते, आणि दाद मागणारा थकतो, याची मला अजूनही चीड येते. अंतरिम आदेशाने गेट लगेच उघडेल असंही धरून चालू नका, चालू दाव्यात पूर्वीची स्थिती परत आणून द्यायचा हुकूम फार क्वचित देतात, १९९० च्या दोराब वॉर्डन निकालात सुप्रीम कोर्टाने त्याच्या अटी कडक घातल्यात, आणि जवळजवळ दोन वर्षं थांबून आलेल्याला पहिला प्रश्न हाच असतो की इतकी घाई होती तर इतके दिवस कुठे होतात. त्यामुळे हक्क ठरवून मागणं आणि पुढे आणखी बांधकाम करू नये म्हणून मनाई, यावर जोर ठेवा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सासूबाईंच्या नावाने अर्ज करा, बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

शेजाऱ्यांशी बोलणी बंद करा असं मी म्हणत नाही. त्यांना चोरांची भीती वाटते हेही खोटं नसेल. दावा दाखल झाला की मग बोला, लोकअदालतीत बसा, गेट राहू दे, कुलूपही राहू दे, एक किल्ली तुमच्याकडे, पण तडजोडीत वादींना या बोळातून कायमचा जाण्यायेण्याचा हक्क आहे आणि तो प्रतिवादींना मान्य आहे असं लिहून घ्या, सोबत मापं टाकलेला नकाशा जोडा आणि त्यावर त्यांच्या बहिणींच्याही सह्या घ्या.